गृहसंगणकांतील दप्तरें : वीजपुरवठा, नक्कल व वाचन

दप्तर म्हटलें म्हणजे रुमालांत बांधलेले बंद, वाळवीनें चाळण केलेल्या वह्या आणि मोडीचीं वळणें हींच संशोधकाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. गेल्या चाळीस वर्षांत मात्र निराळ्याच जातीचें एक दप्तर खेड्यापाड्यांतूनहि सांठलें आहे. तें कॅसेटच्या फितीवर किंवा तबकडीवर असतें. नुसत्या डोळ्यांनीं तें वाचतां येत नाहीं. आणि ज्या यंत्रांवर तें वाचावयाचें त्यांना वीज पुरविणाऱ्या मूळ डब्या आतां नव्या मिळत नाहींत. ताडपत्र दोनशें वर्षें पडून राहिलें तरी कोरलेल्या अक्षरांवर काजळी चोळून तें वाचतां येतें. फितीला तेवढा धीर नाहीं. म्हणून अशा दप्तराची नक्कल कशी करावी, यंत्राला वीज कशी द्यावी, आणि हातीं आलेला मजकूर कोणत्या सावधगिरीनें वाचावा, हें जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलढाणा) येथील एका उदाहरणावरून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम यंत्रांची थोडी कुळकथा. इंग्लंडांत डिसेंबर १९८१ मध्यें बीबीसी मायक्रो व एप्रिल १९८२ मध्यें सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हे संगणक बाहेर पडले. पहिला आपल्याकडे शाळांच्या द्वारें आला : १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें ‘क्लास’ नांवाची योजना प्रायोगिक रूपानें काढिली व निवडक माध्यमिक शाळांतून बीबीसी मायक्रो बसविले. दुसरा घरांघरांतून आला, आणि त्याचा एक अवतार तर खुद्द पुण्याचा आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या मंडळीनें १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत स्पेक्ट्रम प्लसची ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नांवाची आवृत्ति येथें विकली. घरच्या दूरदर्शन-संचाला जोडावयाचा व साध्या टेपरेकॉर्डरवर मजकूर सांठवावयाचा, अशी ती सोय होती. पडद्यावर ओळींत बत्तीस अक्षरें आणि ओळी चोवीस. देवनागरीचा त्यांत गंधहि नव्हता.

जानेफळ येथील एका जुन्या घराण्यांत असें पुणेरी यंत्र व सात कॅसेटी आहेत. घरांतील एका शिक्षकांनीं, ते आतां हयात नाहींत, आपल्या कुळाच्या मोडी कागदांचें वाचन १९८९ च्या सुमारास या यंत्रावर उतरून ठेविलें होतें. पुढें मूळ कागद एका पावसाळ्यांत भिजून लगदा झाले. सबब त्या सात कॅसेटी हीच आज त्या कागदांची एकमेव प्रत होय. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून कुळाचें नांव येथें दिलें नाहीं. यंत्राची वीजेची डबी मृत झालेली होती आणि मंडळींचा पहिला प्रश्न साहजिकच असा होता कीं, ‘गुरुजी, ही डबी कोठें मिळेल ?’

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. डबी शोधण्याच्या आधीं नक्कल करावी. कॅसेट वाचण्यास मूळ यंत्र लागतच नाहीं. फितीवर आहे तो केवळ ध्वनि; तो चांगल्या टेपडेकवरून आजच्या संगणकांत ध्वनिमुद्रित करतां येतो आणि त्यांतून अक्षरें काढण्याचें काम मोफत मिळणाऱ्या आज्ञावल्या करतात. यंत्र दुरुस्त करण्याच्या हौसेपायीं मूळ कॅसेट जुनाट, मळक्या टेपरेकॉर्डरमध्यें घालून ती गुंतवून बसण्याचे प्रकार होतात. पोथी उलगडण्यापूर्वीं हात धुवावेत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

नक्कल करण्याची रीत अशी. कॅसेटच्या पाठच्या कडेवरील दोन चिमुकल्या पाकळ्या प्रथम मोडून टाकाव्या, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं मुद्रित व्हावयाचें नाहीं. फितीस बुरशी असेल तर ती चालवूंच नये. फीत निरोगी असल्यास एकदां पूर्ण पुढें व एकदां पूर्ण मागें न्यावी, म्हणजे वर्षानुवर्षें चिकटून बसलेले वेढे सुटतात. डेकचें शिर स्पिरिटनें पुसावें. त्या शिराजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित् फिरवून आवाज जास्तींत जास्त तीक्ष्ण येईल तेथें ठेवावा, कारण मूळ मुद्रण ज्या टेपरेकॉर्डरवर झालें त्याचें शिर थोडें कललेलें असूं शकतें. खरखर कमी करण्याच्या सर्व सोयी बंद ठेवाव्या. मुद्रण सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या वेगानें, वेव्ह स्वरूपांत करावें; एमपी-थ्री स्वरूपांत करूं नये, कारण मनुष्याच्या कानाला जें ऐकूं येत नाहीं तें त्यांत गाळलें जातें, आणि येथें ऐकणारा मनुष्य नव्हे. ४४,१०० हा आंकडा पुरतो कसा तें पाहा. स्पेक्ट्रमच्या घड्याळाचे ठोके सेकंदास पस्तीस लक्ष. शून्य लिहितांना प्रत्येक अर्धी लहर ८५५ ठोक्यांची व एक लिहितांना १,७१० ठोक्यांची. म्हणजे शून्याच्या अर्ध्या लहरीला सुमारें ११ नमुने येतात व एकाच्या लहरीला २२; दोहोंचा घोटाळा होण्यास फीत बरीच बिघडलेली असावी लागते.

प्रत्येक मजकुरापूर्वीं एक अखंड सूर असतो, त्यानंतर १७ अक्षरांचा मथळा येतो. मथळ्यांत मजकुराची जाति, दहा अक्षरांपर्यंतचें नांव व लांबी दिलेली असते; पोथीची पुष्पिका अखेरीस असते, ही आरंभींच आहे एवढाच फरक. मजकुराच्या शेवटीं एक पडताळ्याचें अक्षर असतें. सर्व अक्षरांचे आठ-आठ द्विमान अंक एकाखालीं एक मांडून प्रत्येक स्तंभांतील एकांची संख्या सम कीं विषम तें पाहावयाचें, व तो निष्कर्ष शेवटीं नोंदवावयाचा. अनुक्रमणीकारांनीं सूक्तांतील ऋचांची संख्या नोंदवून ठेविली तिच्याच जातीची ही युक्ति. परंतु घनपाठाइतकी ती बळकट नाहीं. एकाच स्तंभांत दोन चुका झाल्या तर त्या परस्परांस खाऊन टाकतात व पडताळा बरोबर येतो. तस्मात् प्रत्येक बाजू दोनदां मुद्रित करून दोन्ही वाचनें ताडून पाहावीं. जानेफळच्या सात कॅसेटींपैकीं सहांचीं दोन्ही वाचनें तंतोतंत जुळलीं. दुसऱ्या कॅसेटींत एका ठिकाणीं फीत चुरगळलेली असल्यामुळें सुमारें दीड ओळ गेली, ती गेलीच.

आतां डबीविषयीं. नक्कल सुरक्षित झाल्यावर यंत्र चालू करण्याचें प्रयोजन उरतें, कारण लेखकानें पडद्यावर काय पाहिलें याची साक्ष यंत्रच देतें. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह, १·४ अँपिअरपर्यंत, लागतो. येथवर कठीण कांहींच नाहीं. खरा धोका खुंटीच्या दिशेचा आहे. आज दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांच्या खुंटीच्या मध्यभागीं धन व बाहेर ऋण असतें. स्पेक्ट्रमचें नेमकें उलट, मध्यभागीं ऋण आहे. सेट-टॉप बॉक्सची डबी खुंटी बसते म्हणून लावली, तर यंत्राच्या पोटांतील एक ट्रान्झिस्टर व त्याबरोबर स्मृतीच्या चकत्या एका क्षणांत जाऊं शकतात. म्हणून घरांतील कोणतीहि डबी ‘लावून पाहूं’ असें म्हणूं नये. पुण्यास बुधवार पेठेंत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर ९ व्होल्ट, २ अँपिअरची नियंत्रित डबी मागावी व लागल्यास वायर कापून तिचीं दोन टोकें उलट करून डाख लावून घ्यावा. मग मल्टिमीटरची लाल सळई खुंटीच्या आंत व काळी बाहेर धरावी. आंकड्यापूर्वीं उणें चिन्ह येऊन ९ दिसले तरच ती डबी यंत्रास लावावी.

मूळची डबीच दुरुस्त करावी असा आग्रह कांहीं शौकीन धरतात. मला तो पटत नाहीं. ती डबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड व कॅपॅसिटर एवढेंच; दाब नियंत्रित करणारें त्यांत कांहीं नाहीं. भार नसतां ती १२-१३ व्होल्ट दाखविते. आमच्याकडे खेड्यांत रात्रीं शेतीपंप बंद झाले कीं २३० चे २६० व्होल्ट होण्यास वेळ लागत नाहीं, आणि त्याच प्रमाणांत डबीचा दाबहि आठव्या हिश्श्यानें चढतो. यंत्रांतील नियंत्रक हा सारा जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपानें जाळतो : आंत १२ व्होल्ट आले व प्रवाह १ अँपिअर असला तर ७ वॉट, ९ व्होल्ट आले तर ४ वॉट. वैशाखांतील बुलढाणा जिल्ह्यांत हा तीन वॉटांचा फरक लहान नव्हे.

प्रथमच वीज देतांना झांकण काढून आंतील दाब मोजावे. नियंत्रकाच्या बाहेर ५ व्होल्ट हवेत. खालच्या १६ हजार अक्षरांची स्मृति ४११६ या जातीच्या आठ चकत्यांत असल्यास प्रत्येकीच्या पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२ व नवव्यावर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. उणे ५ नसतां १२ मिळत राहिले तर चकत्या मरतात. तेव्हां उणें आंकडा दिसला नाहीं कीं तत्काळ बंद करावें. वाळलेले कॅपॅसिटर बदलणें हें चाळीस वर्षांच्या यंत्राचें पथ्यच समजावें.

इतर यंत्रांचें थोडक्यांत सांगतों. बीबीसी मायक्रोची डबी यंत्राच्या पोटांतच असते व तींतील मुख्य वीजेच्या मार्गावरचे कागदी कॅपॅसिटर जुने झाले म्हणजे तडकून दाट, दुर्गंधी धूर सोडतात. शाळेच्या कपाटांतून तें यंत्र काढून एकदम बटण दाबूं नये, आधीं ते एक्स-टू वर्गाचे नवे घालावे. त्याच्या तबकड्यांवर एका बाजूस ३१ पेक्षां जास्त मजकूर मावत नाहींत. त्यांची नक्कल ग्रीसवीझल नांवाच्या लहानशा जोडणीनें आजच्या संगणकावर होते. परदेशांतील आप्तांनीं आणलेल्या कमोडोर ६४ ची डबी तर सर्वांत घातकी : ती बिघडली कीं दाब कमी होण्याऐवजीं वाढूं शकतो, व यंत्र घेऊन मरते. अमेरिकेंतून आलेल्या कोणत्याहि डबीवर १२० व्होल्ट लिहिलें आहे काय तें प्रथम पाहावें.

आतां मुख्य प्रश्न वाचनाचा. शिक्षकांनीं मजकूर रोमन अक्षरांत लिहिला, पण रोमन लिपींत ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांचा भेद राहत नाहीं. त्यासाठीं त्यांनीं स्पेक्ट्रमच्या एका सोयीचा उपयोग केला. या यंत्रांत १४४ पासून १६४ पर्यंतच्या २१ अंकांना आपल्या इच्छेप्रमाणें आकृति देतां येते. प्रत्येक आकृति आठ अक्षरांत सांठते, म्हणजे सारें कोष्टक १६८ अक्षरांचें. या मास्तरांनीं त्यांत मूर्धन्य वर्ण स्वतः रेखाटून घातले. आठ ठिपक्यांच्या चौकोनांत ‘ढ’ बसविणें किती चिकाटीचें काम आहे, तें करून पाहणारासच कळेल. परंतु मजकूर व हें कोष्टक हीं फितीवर निरनिराळीं लिहावीं लागतात. कोष्टक नसेल तर आजच्या संगणकावर त्या जागीं रिकामा चौकोन दिसतो, आणि ‘काळे’ व ‘काणे’ हीं दोन आडनांवें एकसारखींच होतात. वंशावळींत याचा अर्थ काय तें सांगावयास नको. कटपयादि संख्येचें कोष्टक हरवलें तर ज्योतिषाच्या श्लोकाची जी गत होईल तीच ही.

पहिल्या व पांचव्या कॅसेटींत ६५३६८ या पत्त्यापासून १६८ लांबीचा तुकडा मिळाला; तेंच कोष्टक. मौज अशी कीं दोन्ही कोष्टकें निराळीं आहेत. पहिल्यांत त्यांनीं कळफलकाच्या सोयीनें अंक दिले : ड ला १४७, ळ ला १५५, ण ला १५७, ट ला १६३. पांचव्यांत वर्णमालेच्या क्रमानें : ट १४४, ठ १४५, ड १४६, ढ १४७, ण १४८, ळ १४९. म्हणजे १४७ हा अंक एका ठिकाणीं ड व दुसऱ्या ठिकाणीं ढ. पहिल्या चार कॅसेटी पहिल्या कोष्टकानें व पांचवी आणि सातवी दुसऱ्यानें बिनचूक वाचतां येतात.

सहाव्या कॅसेटीला कोष्टकच नाहीं. तेथें गांवानेंच साहाय्य केलें. ‘जानेफळ’ हा शब्द तींत वारंवार येतो व त्याचें शेवटचें अक्षर दर वेळीं १४९ आहे. अर्थात् ळ दुसऱ्या कोष्टकांतलाच. ‘पाटील’ या शब्दांत १४४ येतो, त्यानें ट ची खात्री पटली. बाकीचे वर्णहि संदर्भानें जुळले. मात्र १५२ हा अंक पांचव्या कॅसेटीच्या कोष्टकांत भरलेलाच नाहीं, आणि सहाव्या कॅसेटींत तो अकरा वेळां, प्रत्येक वेळीं एखाद्या आंकड्याच्या आधीं, येतो. तें रुपयांचें चिन्ह असेल तर त्या अकरा नोंदी देण्याघेण्याच्या ठरतात. खंडीचें असेल तर धान्याच्या वसुलीच्या. दोन्हीही जुन्या हिशेबांत सारख्याच संभवतात, आणि घराण्याचा एका शेजारच्या गांवाशीं संबंध सावकारीचा होता कीं पाटिलकीचा, हें त्यावर अवलंबून आहे. तूर्त लिप्यंतरांत त्या अकरा ठिकाणीं चौकटी कंसांत १५२ हा अंकच ठेविला असून, त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेकडे असलेल्या खतावणीशीं या नोंदी ताडून पाहण्याचें काम चालू आहे.