प्रक्षेपण मंचही यानाइतकाच मोलाचा

२७ नोव्हेंबर २०२५ रोजी कझाकस्तानातल्या बैकोनूरहून तीन अंतराळवीरांना घेऊन सोयूझ यान निघाले आणि अंतराळ स्थानकाला सुखरूप पोहोचले. मागे ३१ क्रमांकाच्या मंचावर मात्र देखभालीसाठी वापरला जाणारा सरकता फलाट ज्वाला वाहून नेणाऱ्या खंदकात कोसळला होता. बैकोनूरच्या ज्या मंचावरून १९६१ मध्ये गागारिन झेपावला, तो नव्या सोयूझ रॉकेटांसाठी वेळेत सुधारला गेला नाही आणि २०१९ नंतर बंदच पडला. त्यामुळे अंतराळवीर पाठवण्यासाठी रशियाकडे दुसरा वापरातला मंच उरलेला नव्हता. यान उत्तम, रॉकेट भरवशाचे, तरी एक फलाट पडताच वाट अडते. म्हणूनच मंचाची देखभाल हा मोहिमेचा किरकोळ खर्च नसून सुरक्षिततेचा गाभा आहे.

मंचाची झीज प्रत्येक उड्डाणात होते. फ्लोरिडातल्या केनेडी केंद्राच्या ३९-ए मंचावरून अपोलो ११ गेले, पुढे स्पेस शटल आणि २०२० पासून माणसे नेणारी ड्रॅगन याने. २००८ मध्ये तिथे शटल उडताना ज्वालाखंदकाच्या भिंतीतल्या हजारो उष्णतारोधक विटा उखडल्या. आवाजाच्या लाटांनी यानाला इजा होऊ नये म्हणून उड्डाणाच्या वेळी लाखो लिटर पाणी सोडावे लागते. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेने पोलाद गंजते आणि शटलच्या घन इंधनाच्या धुरातले आम्ल त्यात भर घाली. रंग, झडपा, केबली, विटा यांची तपासणी थांबली, की बिघाड ऐन उड्डाणाच्या क्षणी उघडा पडतो. सप्टेंबर १९८३ मध्ये गागारिनच्याच मंचावर इंधन सांडून रॉकेट पेटले आणि केबली जळून गेल्या. जमिनीवरच्या नियंत्रकांनी रेडिओवरून आज्ञा दिली, सुटका-रॉकेटने कुपी ओढून नेली आणि आतले अंतराळवीर तितोव्ह व स्त्रेकालोव्ह वाचले. संकटात अंतराळवीरांचे प्राण जमिनीवरच्या यंत्रणेच्या हाती होते.

वर्षातून मोजकी उड्डाणे होत असताना दुसरा मंच कशाला पोसायचा, असे कुणी विचारील. खर्च मोठा आहे, हे खरेच. पण २०१६ मध्ये केप कॅनाव्हरलच्या ४० क्रमांकाच्या मंचावर स्पेसएक्सचे रॉकेट फुटले आणि तो मंच वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला, तेव्हा ३९-ए हाताशी असल्याने कंपनीची फ्लोरिडातली उड्डाणे सुरू राहू शकली. अंतराळ स्थानकात माणसे राहत असताना तर रसद आणि बदली पथक पाठवण्याची सोय कायम शाबूत हवी. दुसरा मंच म्हणजे अशा मोहिमेचा विमाच.

आपले गगनयान श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या मंचावरून जाणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ३,९८५ कोटी रुपयांच्या तिसऱ्या मंचाला मंजुरी दिली आणि तो दुसऱ्याला पर्याय म्हणूनही उपयोगी पडेल. हा निर्णय योग्यच आहे. मात्र मंच बांधण्याइतकाच पैसा आणि मान तो राखणाऱ्या तंत्रज्ञांनाही वर्षानुवर्षे मिळायला हवा.