स्वस्त इअरबड्सची पारख

स्वस्तातले बिनतारी इअरबड्स घेतले आणि तबल्याचा डग्गा ऐकूच येईना, तर लगेच ‘फसलो!’ म्हणू नका. आधी इअरबड बोटाने हलकेच कानात दाबून पाहा. डग्गा घुमू लागला ना? मग दोष यंत्राचा नाही, फटीचा! खर्जातल्या स्वरांसाठी त्यातल्या इवल्याशा पडद्याला कानाच्या नळीत कोंडलेली हवा दाबावी-सोडावी लागते. फट राहिली की दाब निसटतो. झांजेच्या उंच स्वराला मात्र त्याची फारशी झळ लागत नाही. म्हणून सोबतच्या लहानमोठ्या रबरी टोप्या बदलून पाहा. वेष्टनावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ला भाळू नका, ती साधारणपणे मानवी कानाचीच मर्यादा. कोणता स्वर किती जोरात वाजेल, हे त्यावरून कळत नाही. दाबूनही डग्गा मुकाच राहिला, तर मात्र इअरबड्स खुशाल परत करा.