सरासरीखाली दडलेला सर्व्हर

पुष्कळ सर्व्हर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच यंत्रासारखं काम करून घेण्याची विद्या महाराष्ट्रात तीस वर्षांहून जुनी आहे. तिचा आढावा घ्यायचा तर पुण्याच्या गणेशखिंडीतून, सी-डॅक या संगणन संस्थेपासून सुरुवात करायची रीत आहे. भारताला हवा तो क्रे संगणक अमेरिकेकडून मिळाला नाही, १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, ही कथा दिवाळी अंकांच्या वाचकांना पाठ आहे. त्यातली एकच गोष्ट मला पुढे न्यायची आहे. परममध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर हे साधे प्रोसेसर जोडलेले होते. काम तुकडे करून सगळ्यांना वाटलं जाई, आणि ज्याचा तुकडा सर्वांत उशिरा येई त्याच्यासाठी बाकीचे खोळंबून राहत. जोडलेल्या यंत्रांचा वेग सर्वांत मंद यंत्र ठरवतं. पुढच्या साऱ्या इतिहासात हे तत्त्व मी कुठेही खोटं ठरलेलं पाहिलं नाही.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. १९९४मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी सोळा साधे पीसी जोडून ‘बेओवुल्फ’ केला आणि असा जोडलेला संच, म्हणजे क्लस्टर, गरिबांच्या आवाक्यात आला. २००७च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ महासंगणकांच्या यादीत जगात चौथा आला. व्हर्च्युअल मशीन, क्लाउड, २०१४नंतरचं कुबरनेटिस यांच्यावर इतकं छापून आलंय की माझी भर नको.

माझा जीव अडकला तो निगराणीत. १९९५मध्ये टोबियास ओटिकर या तरुणाने एमआरटीजी हा प्रोग्रॅम लिहिला आणि दर पाच मिनिटांनी नेटवर्कचा आलेख काढण्याची सोय झाली. १९९९मध्ये त्यातूनच आकड्यांच्या नोंदी साठवणारं आरआरडीटूल आलं. मग बर्कलीहून मॅट मॅसीचं गॅंग्लिया आलं, आणि आमच्यासारख्या क्लस्टर सांभाळणाऱ्यांना डोळे मिळाले. प्रत्येक सर्व्हरवर जीमॉन्ड नावाचा छोटा प्रोग्रॅम चालायचा. तो आपला लोड, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची खबर मल्टिकास्टने शेजाऱ्यांना देत राही. त्यामुळे कुठल्याही एका सर्व्हरला विचारलं तरी अख्ख्या क्लस्टरची हकिगत कळे. शंभर सर्व्हरचे शंभर चिमुकले आलेख एका पानावर मांडलेले असत, आणि त्यात एखादा वेगळा वागत असेल तर नजर आपोआप तिथे जाई. पुण्यात आमची रात्रपाळी संपताना चहाबरोबर ते पान वरपासून खालपर्यंत बघायचा शिरस्ता होता. त्या पानावर काही खटकलं की कुणीतरी त्या सर्व्हरची नोंदवही, म्हणजे सिसलॉग, उघडून ओळी मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. असं एकत्र लॉग वाचणं आता कुठल्या टीममध्ये दिसत नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

गॅंग्लियाचा कैवार मी वर्षानुवर्षं घेतला तो त्या चिमुकल्या आलेखांसाठी. कारण त्याच पानावर वरच्या बाजूला सगळ्यांचा मिळून एक मोठा आलेखही असे, आणि साहेब लोक तेवढाच बघत. कोकणात रापण ओढताना किनाऱ्यावर माणसं मोजून पूर्ण भरतात, पण त्यातल्या एकाने दोर नुसता धरून ठेवला तर जाळं तिरकं येतं; मोजणीत ते कळत नाही. सर्व्हरच्या सरासरीचं हेच आहे. दहांपैकी नऊ ठणठणीत आणि एक आजारी असेल, तर सरासरी नव्वद टक्के ठणठणीत दिसते. त्या एकाच्या वाट्याला आलेल्या माणसाचं काम मात्र शंभर टक्के अडतं. गॅंग्लियाच्या आरआरडीटूलमधल्या साठ्यात तर जुन्या नोंदी जागा वाचवण्यासाठी सरासरी काढूनच साठवल्या जातात. मंगळवारी दुपारी तीन मिनिटं सगळं बंद पडलेलं असलं तरी वर्षाच्या आलेखात तिथे सपाट रेघ दिसते.

सर्व्हरांना काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या बाबतीत हा धोका दुणावतो. विली तारोचा एचएप्रॉक्सी हे माझं आवडतं अवजार. तपासणी चालू केली की मूळ सेटिंगमध्ये तो दर दोन सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला टोकतो, लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं तर बाहेर काढतो, दोनदा आलं की परत घेतो. पण वेगळं सांगितलं नाही तर तो टीसीपीचं दार उघडतंय का एवढंच बघतो. आत डेटाबेसशी संबंध तुटलेला सर्व्हर दार उघडतो आणि क्षणार्धात एरर देऊन मोकळा होतो. ‘ज्याच्याकडे कमी काम, त्याला पुढचं काम’ असा नियम असेल तर सर्वांत रिकामा तोच दिसतो आणि गिऱ्हाइकांची रांग त्याच्याकडेच वळते. एक आजारी सर्व्हर असा सगळी रहदारी गिळतो. म्हणून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना माझा आग्रह ठरलेला: एक सर्व्हर रांगेतून काढा, चालू कामं संपू द्या, आवृत्ती चढवा, खऱ्या डेटाबेसपर्यंत जाऊन येणारी तपासणी करा, त्या एकट्याचे आकडे अर्धा तास बघा, आणि मगच दुसऱ्याला हात लावा.

यावर काही विद्वान मला म्हणत आले आहेत की हजारो सर्व्हरच्या जमान्यात एकेकाकडे कोण बघणार. एकूण सेवा चालली म्हणजे झालं. त्यांनी साधा हिशेब करावा. एक सर्व्हर शंभरातून एकदाच रेंगाळतो असं धरा. एका विनंतीसाठी असे शंभर सर्व्हर लागत असतील तर शंभरातल्या त्रेसष्ट विनंत्या रेंगाळतात. गूगलच्या डीन आणि बारोसो यांनी २०१३मध्येच हे मांडलं. सर्व्हर वाढले की एकेकट्याकडे बघण्याची गरज वाढते. प्रोमिथियस आणि ग्राफाना ही आजची अवजारं उत्तम आहेत. प्रत्येक सर्व्हरचा आकडा वेगळा ठेवण्याची, पर्सेंटाइल काढण्याची सोय त्यांत आहे. पण ती वापरणारे पडद्यावर हिरवा रंग दिसला की उठून जातात.

निवृत्तीनंतर दापोली तालुक्यातल्या बुरोंडीला राहायला आल्यापासून या मोजणीची दुसरी बाजू रोज दिसते. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१८मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक हवामानाची गणितं करायला आले. इथल्या मच्छीमाराने होडी बाहेर काढावी की नाही हे अशा गणितांवर ठरतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्याचा इशारा आधी मिळाला होता. वादळानंतर दापोली तालुक्यात खांब आडवे झाले, वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. अशा वेळी दूरच्या डेटा सेंटरमधल्या लोड बॅलन्सरला काय दिसतं? एका तालुक्याच्या विनंत्या येतच नाहीत. विनंत्या नाहीत म्हणून एरर नाहीत, भारही हलका. डॅशबोर्ड नेहमीपेक्षा हिरवागार! ज्यांना सेवेची सर्वांत जास्त गरज आहे तेच मोजणीतून गळतात.

साध्या दिवशीही सरकारी कामाच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढंच उत्तर मिळतं. अडलंय कुठे? टॉवरपाशी, सर्व्हरचं नाव शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये, मुदत संपलेल्या सर्टिफिकेटपाशी, की रांगेतल्या एका आजारी सर्व्हरपाशी? खिडकीवरच्या मुलाला ते कळायला मार्ग नसतो, आणि पलीकडे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही नसतो, कारण त्याची मोजणी डेटा सेंटरच्या भिंतीच्या आतूनच होते. म्हातारी माणसं पदरचं भाडं खर्चून परत जातात, त्याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये पडत नाही.

यावर उपाय महाग नाही. युरोपातल्या राइप एनसीसी या संस्थेने २०१०पासून ‘अ‍ॅटलस’ची छोटी यंत्रं लोकांच्या घरोघरी दिली, ती आपल्या जागेवरून इंटरनेटची खबर घेत राहतात. तसं एकेक यंत्र प्रत्येक तालुक्यातल्या लांबच्या गावी ठेवावं. आपल्याकडे ते बुरोंडीला, कोळथऱ्याला ठेवता येईल. दर पाच मिनिटांनी त्याने सातबाराची, रेशनची, हवामानाची सेवा खरोखर मागून बघावी, नाव सापडायला किती वेळ लागला, जोडणीला किती, उत्तराला किती, हे वेगवेगळं लिहावं, आणि यंत्राकडून खबरच आली नाही तर त्यालाच पहिला अलर्ट मानावं. तालुकावार नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवाव्यात. सरासरी न काढता.