संत पोप घडवत नाहीत

तुकोबांना संत कोणी ठरवले? लोकांनी. कॅथलिक ख्रिस्तसभेतही पहिली हजारेक वर्षे बहुतांशी असेच चालले. भाविक कबरीपाशी जमत, स्थानिक बिशप मान्यता देत. पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली नोंद सापडते ती इ. स. ९९३ची, ऑग्जबर्गच्या उलरिख यांची. त्यामुळे ‘पोप संत बनवतात’ हा समजच चुकीचा. अमुक व्यक्ती स्वर्गात आहे, एवढेच पोप घोषित करतात. ज्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत अशा संतांसाठीही १ नोव्हेंबरचा सण आहेच.

संतपद फक्त धर्मगुरूंना आणि सिस्टरांना मिळते, हेही खरे नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आधी जपानमध्ये व्यापार करत. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून मारले, त्यांत ते होते. १६२७ मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केले गेले, ‘संत’ म्हणून घोषणा व्हायला १८६२ उजाडले. २०२२ मध्ये संत घोषित झालेले देवसहायम पिल्लई तर संसारी गृहस्थ होते.

सर्वांत जास्त गोंधळ चमत्कारांविषयी आहे. कुणी ‘बरे वाटले’ म्हटले की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आजाराचे निदान, तपासण्या, उपचार यांची सगळी कागदपत्रे रोममधल्या वैद्यकीय मंडळापुढे जातात. आजार गंभीर होता का, रुग्ण अचानक, पूर्ण आणि कायमचा बरा झाला का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे डॉक्टर तपासतात. ‘चमत्कार’ हा शब्द ते वापरत नाहीत. वैद्यकशास्त्राला उलगडा होत नाही, इथेच त्यांचे काम संपते. पुढचा निर्णय धर्मपंडित, कार्डिनल आणि शेवटी पोप यांचा. श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्षींना ‘धन्य’ होण्यासाठी चमत्कार लागत नाही. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ यांच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

संतपदाच्या विरोधात बाजू मांडणारा ‘सैतानाचा वकील’ आजही उलटतपासणी घेतो, हा समज मात्र आता जुना झाला. १९८३च्या सुधारणांनी त्या पदाचे स्वरूप बदलले. विरोधी साक्ष बंद झाली नाही; मदर तेरेसांचे कडवे टीकाकार क्रिस्टोफर हिचन्स यांचीही साक्ष घेतली गेली. याच सुधारणांनी चमत्कारांची संख्या घटवली, प्रतीक्षाही कमी केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या कारकिर्दीत ४८२ संत घोषित केले. ही घाई झाली, असा आक्षेप परंपरावादी धर्मगुरू घेतात. तो आक्षेप विचार करण्याजोगा आहे, असे मला वाटते.

पण जुन्या लॅटिन मिस्सेचा, म्हणजे उपासनाविधीचा, आग्रह धरणारे हे परंपरावादी सगळे बंडखोर नव्हेत. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये संत दहावे पायस यांच्या नावाने संघ स्थापला. १९८८ मध्ये पोपच्या परवानगीशिवाय त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली आणि बहिष्कार ओढवून घेतला. हे ज्यांना पटले नाही, अशा त्यांच्या संघातल्या धर्मगुरूंनी त्याच वर्षी संत पेत्राच्या नावाचा वेगळा संघ काढला. तो पोपच्या अधिपत्याखालीच राहिला. चार बिशपांवरचा बहिष्कार २००९ मध्ये उठला, तरी पायस संघाचा रोमशी असलेला वाद त्याने मिटला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनवर बंदी घातली, हेही असत्य. परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजातच लॅटिन जपण्याची सूचना आहे, आणि परिषदेनंतरची नवी मिस्साही लॅटिनमध्ये म्हणता येते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निर्बंध आणले ते मिस्सेच्या १९६२च्या जुन्या विधीवर. पेत्र संघाला मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनीच तो विधी चालू ठेवण्याची मुभा दिली. तेव्हा लॅटिन मिस्सा म्हणणारा धर्मगुरू भेटला, तर त्याला बंडखोर ठरवण्याआधी तो कोणत्या संघाचा, एवढे जरूर विचारा.