चमकणाऱ्या कोळ्याचा न दिसणारा रंग

पावसाळ्यात कुंडीतल्या झाडाच्या पानांवर नीट नजर फिरवली, तर एखाद्या पानावर चार-पाच मिलिमीटरचा, निळसर-पांढऱ्या आणि काळ्या आडव्या पट्ट्यांचा कोळी सापडू शकतो. जाळं कुठेच नसतं. बोट जवळ नेलं तर पुष्कळदा तो पळत नाही. गर्रकन वळतो आणि आपल्याकडे तोंड करून बघू लागतो.

हे बघणं हीच ओळखीची पहिली खूण. समोर ओळीने चार डोळे, त्यांतले मधले दोन चांगले टपोरे, उरलेले चार मागे, डोक्याच्या कडांना. असा चेहरा दिसला की कोळी साल्टिसिडी कुळातला, म्हणजे उड्या मारणारा, हे नक्की. कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुळ. सहा हजारांहून जास्त जाती त्यात आहेत. टपोऱ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, पण आतल्या लांब नळीच्या टोकाचं दृष्टिपटल हलतं. भिंगातून जरा वेळ पाहत राहा: कोळी निश्चल असतो, आणि तरी काळाभोर डोळा मध्येच फिकट होतो. त्या क्षणी त्याने नजर आपल्यावरून दुसरीकडे वळवलेली असते!

या पट्टेवाल्याचं नाव फिंटेला विट्टाटा. त्याची चमक अंगावरच्या सूक्ष्म खवल्यांची. उजेडाचा कोन बदलला की निळ्यात जांभळी झाक येते. पण खरं नवल पुढेच आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच जातीच्या माद्यांपुढे नर ठेवले होते, काही नरांवरची अतिनील-बी किरणं गाळून. माद्यांची पसंती ती किरणं परावर्तित करणाऱ्या नरांना मिळाली. ज्या किरणांनी आपली कातडी भाजते, त्यांत ही मादी जोडीदार पारखते. आपल्याला दिसतो तो तिच्या दृष्टीने अपुराच कोळी.

म्हणून नुसत्या रंगावर नाव ठरवू नये. टेलामोनिया डिमिडियाटाची मादी पिवळसर, पाठीवर दोन लाल रेघा असलेली; नर गडद, त्यावर पांढऱ्या खुणा. शेजारी ठेवले तरी जोडपं वाटणार नाही. शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली, जननेंद्रियांच्या घडणीवरून लागतो. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोकं जातीगणिक वेगळी असतात.

अशीच पारख करून २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून एक नवी जात नोंदली गेली. २६/११ला कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून संशोधकांनी तिला इसियस तुकारामी हे नाव दिलं. एवढ्या दाट वस्तीच्या पट्ट्यात एक आख्खी जात तोवर बिननावाची राहिली होती. तेव्हा रंगीत कोळी दिसलाच, तर समोरून, वरून आणि बाजूने असे तिन्ही फोटो काढा, आणि तो कोणत्या झाडावर होता तेही टिपून ठेवा.