बोटावरचा आकडा किती खरा?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न तीन-चार वाचकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. घरात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, त्यावर ९५ दिसते, पण माणसाला धाप लागलेली असते. मग विश्वास कशावर ठेवायचा? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्याच मुळाशी जाण्यासाठी काही विद्यापीठांतले अभियंते आणि डॉक्टर सध्या कामाला लागले आहेत. म्हणून आजचा सबंध लेख याच विषयाला देत आहे. घाईत असलेल्या वाचकांसाठी उत्तर आधीच सांगतो : धाप खरी माना, आकडा नंतर पाहा. आता त्याचे कारण.

घरोघरी आलेले यंत्र

२०२० पूर्वी हे यंत्र बहुधा ऑपरेशन थिएटरात आणि अतिदक्षता विभागातच दिसायचे. कोरोनाची साथ आली आणि ते किराणा सामानाबरोबर घरात आले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा आशाताई आणि आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू तपासू लागले. ‘९४च्या खाली गेले की दवाखाना’ हे शाळकरी मुलांनाही पाठ झाले. साथ ओसरली, पण यंत्र कपाटात थर्मामीटरशेजारी राहिले. आज दम्याचे रुग्ण, हृदयरोगी, घरातील वृद्ध माणसे यांच्यासाठी ते पुन्हा पुन्हा बाहेर निघते. माझ्या दवाखान्यात येणारे निम्मे रुग्ण आता तक्रारीआधी आकडाच सांगतात.

यंत्र उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ते प्राणवायू मोजते कसे, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळणार नाहीत.

दोन दिवे आणि एक नाडी

लहानपणी अंधारात बॅटरीच्या तोंडावर पंजा ठेवून बोटे लालभडक झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. हे यंत्र त्याच युक्तीवर चालते. चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एकाचा प्रकाश लाल, दुसऱ्याचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. बोटातून पलीकडे किती प्रकाश पोहोचला, हे समोरची पट्टी मोजते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन लालचुटूक असते. ते लाल प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त अधिक शोषते. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन काळपट असते. त्याचे वागणे नेमके उलटे. या दोन प्रकाशांच्या प्रमाणावरून यंत्र टक्केवारी काढते.

पण बोटात नुसते रक्त नसते. कातडी, नख, हाड, मांस, सगळेच प्रकाश अडवते. त्यातून धमनीतले रक्त वेगळे कसे ओळखायचे? हे कोडे ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने सोडवले. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून ते हृदयाचे काम मोजू पाहत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मापात सारखी अडचण येत होती. ती अडचणच उपयोगाची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हाड, मांस आणि कातडी स्थिर असतात. ठोक्यागणिक बदलते ते फक्त धमनीतले रक्त. मग जे बदलते तेवढेच मोजावे, बाकीचे वजा करावे. १९७४ साली मांडलेल्या या कल्पनेने पुढे भूल देण्याच्या शास्त्रात क्रांती झाली. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या कल्पनेवरचे यंत्र जगभर घरोघरी पोहोचत होते.

कातडीचा रंग वजा होतो का?

हिशेबाने पाहिले तर कातडीचा रंगही स्थिर असतो, म्हणजे तोही वजा व्हायला हवा. बरीच वर्षे असेच मानले गेले. प्रत्यक्षात तसे पूर्णपणे होत नाही.

कातडीला सावळेपणा देणारे रंगद्रव्य लाल प्रकाश पुष्कळ शोषते, अवरक्त कमी शोषते. त्यामुळे सावळ्या बोटातून पलीकडे पोहोचणारा प्रकाश आधीच क्षीण होतो आणि दोन्ही दिव्यांना सारखाच क्षीण होत नाही. रुग्णाची नाडी दुबळी असेल, हात गार असतील, तर मोजायला हातात फारच थोडे उरते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्रकाशाच्या अमुक प्रमाणाला किती टक्के म्हणायचे, हे यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना प्राणवायू कमी असलेली हवा देतात, धमनीतून रक्त काढून तपासतात आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवतात. आपल्याकडे वजनकाट्याचे वजन सरकारी मापाशी पडताळून पाहतात, तसेच हे. मात्र हे स्वयंसेवक बहुतांश गोरे होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये घातलेली अपेक्षासुद्धा एवढीच होती, की किमान दहा स्वयंसेवक असावेत आणि त्यात गडद वर्णाचे निदान दोन किंवा पंधरा टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे असावेत. म्हणजे काटा एका बाजारात पडताळला आणि वापरला सगळ्या जगात.

मिशिगन विद्यापीठाचा धडा

ही शंका नवी नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २००५ मध्येच दाखवले होते, की प्राणवायू खाली जाऊ लागला की गडद वर्णाच्या माणसांत यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, आणि प्राणवायू जितका खाली जाईल तितकी ही चूक वाढते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी या जुन्या संशोधनावर लेख लिहिला. तो वाचून मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातील नोंदी तपासायला घेतल्या. यंत्राचा आकडा आणि धमनीतील रक्ताची तपासणी, अशा दहा हजारांहून अधिक जोड्या त्यांनी ताडून पाहिल्या.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र ९२ ते ९६ म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित आकडा दाखवत असताना रक्तातील खरा प्राणवायू ८८ च्याही खाली होता, असे गोऱ्या रुग्णांच्या तपासण्यांत ३.६ टक्के वेळा आढळले. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के निघाले, म्हणजे तिपटीहून जास्त. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कोरोना रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. त्यांत आशियाई वंशाच्या रुग्णांतही यंत्र सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवत होते. ‘आशियाई’ या एका शब्दात जपानपासून भारतापर्यंतचे लोक येतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. आपल्याकडे तर एकाच घरात गोरा, गव्हाळ, सावळा आणि काळा असे चारही वर्ण सापडतात.

एक-दोन टक्क्यांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण उपचार आकड्याच्या रेषेवर ठरतात. ९३ ला रुग्णालयात दाखल करायचे आणि ९५ ला घरी पाठवायचे असेल, तर दोन टक्क्यांत माणसाचा जीव अडकलेला असतो. कोरोनाच्या दिवसांत आपल्याला हे पुरते कळले आहे.

प्रयोगशाळांत काय चालले आहे?

आता अभियंत्यांनी हे काम हाती घेतले आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात व्हॅलेन्शिया कूमसन या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका रुग्णाच्या त्वचेचा रंग आधी मोजून त्यानुसार मापन जुळवून घेणाऱ्या यंत्रावर काम करीत आहेत. ब्राऊन विद्यापीठात किमानी तूसाँ यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचे रूपच बदलून पाहत आहेत. ठरावीक दिशांनी कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश वापरला तर रंगद्रव्याचा अडथळा कमी होईल का, हा त्यांचा शोध आहे. सॅन फ्रान्सिस्कोची प्रयोगशाळा बाजारातील निरनिराळी यंत्रे वेगवेगळ्या वर्णांच्या स्वयंसेवकांवर तपासून निकाल सर्वांसाठी खुले करीत आहे.

या सगळ्याचा परिणाम नियमांवरही होऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात दहाऐवजी किमान दीडशे स्वयंसेवक आणि गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सर्व छटांचा समावेश सुचवला आहे. माझे मत विचाराल तर आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर ते भारतीय वर्णाच्या माणसांवर पडताळले आहे की नाही, हे छापलेले असावे. ग्राहकाने दुकानदाराला तसे विचारायला सुरुवात करावी.

तोपर्यंत आपण काय करावे?

यंत्र फेकून देऊ नका. गोऱ्या कातडीवरसुद्धा तो आकडा अंदाजच असतो. ९० दिसले तर खरे ८६ ते ९४ मध्ये कोठेही असू शकते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

पाच मिनिटे शांत बसून मगच मोजा. हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवा. थंडीत तळवे चोळून ऊब आणा. नेलपॉलिश पुसा. काळी मेंदी लावलेले बोट टाळा. यंत्र लावल्याबरोबर दिसणारा आकडा धरू नका, तो अर्धा-एक मिनिट स्थिर राहू द्या.

प्रकृती बरी असतानाचा आपला नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. आजारपणात तो नेहमीपेक्षा तीन-चारने उतरला, तर ९४ दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवा. बिडी किंवा चुलीच्या धुराने जुनाट दमा झालेल्यांसाठी योग्य आकडा वेगळा असतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

श्वास मोजायला शिका. त्याला पैसे पडत नाहीत आणि कातडीचा रंगही आड येत नाही. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला २४ च्या वर गेले, तर सावध व्हा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर यंत्र शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सावळ्या माणसाचा निळेपणा चेहऱ्यावर दिसत नाही. जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहा.

दोन ठिकाणी हे यंत्र हमखास फसवते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या रक्तात विषारी वायू भिनतो, तरी आकडा उत्तम दिसतो. अशा वेळी रुग्णाला आधी उघड्या हवेत आणा. दुसरे म्हणजे रक्तक्षय. शंभर जागांपैकी किती भरल्या एवढेच यंत्र सांगते. गाड्या किती आहेत, हे सांगत नाही. दहा एस.टी. गाड्यांऐवजी पाचच गाड्या सुटल्या, तरी त्या खच्चून भरलेल्या असतातच. त्यामुळे थकलेल्या, फिकट दिसणाऱ्या बाईला ९८ पाहून ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगू नये. तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून प्राणवायू सांगणाऱ्या अॅपवर मात्र मुळीच विसंबू नका. आणि लक्षणे व आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात धमनीतील रक्ताची तपासणी होते, तिच्याविषयी डॉक्टरांना संकोच न करता विचारा. ‘आकडा चांगला आहे’ हे घरी थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. माणूस एक वाक्य एका दमात बोलू शकत नसेल, तर गाडी काढा.