प्रोस्टेटच्या रिपोर्टमधला ‘ग्रेड’ आणि खरा आकडा

चेन्नईच्या मैलापुरातल्या मराठी घरांत, मग ती पिढ्यानपिढ्यांची तंजावुरी असोत की नोकरीनिमित्त आलेली, साठी उलटलेल्या माणसाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की नजर आधी ‘ग्रेड 2 प्रोस्टेटोमेगाली’ या ओळीवर जाते आणि घरादाराच्या तोंडचे पाणी पळते. ग्रेड म्हणजे कॅन्सरची पायरी, असा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. इथे ग्रेड म्हणजे फक्त प्रोस्टेट ग्रंथीचा आकार, आणि तोही सगळीकडे एकाच मापाने ठरवत नाहीत. म्हणून ग्रेड सोडा, घनफळ वाचा. लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला 0.52 ने गुणून ते काढतात. तरुणपणी ते साधारण 20 ते 25 मिलिलिटर असते. वयाबरोबर होणारी ही साधी वाढ कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही.

ग्रंथी मोठी तितका त्रास मोठा, हेही खरे नाही. मूत्रमार्ग ग्रंथीच्या मधून जातो. वाढ बाहेरच्या बाजूला झाली तर 80 मिलिलिटरवालाही रात्री निवांत झोपतो. मूत्राशयात घुसली तर 35 वाल्याची लघवी अडते. आत घुसलेला हा भाग सोनोग्राफीत मोजता येतो. तो 10 मिलिमीटरहून जास्त असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच वाढते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसराच आकडा: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली. ती 50 मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नको. सतत 300 च्या वर राहत असेल तर मूत्रपिंडांवर ताण येतो का, हे पाहावेच लागते. पण नेमका हाच आकडा चटकन चुकतो. भरपूर पाणी पिऊन तासभर रोखून धरले, मूत्राशय तट्ट फुगले, मग घाईघाईत लघवी उरकली, की उरलेली लघवी उगाच जास्त दिसते. म्हणून लघवीची भावना झाली की तपासणाऱ्याला लगेच सांगा. आकडा मोठा आला तर पुन्हा जाऊन या आणि परत मोजून घ्या.

सोनोग्राफी चांगली आली म्हणून कॅन्सर नाही, असे मात्र समजू नका. त्यासाठी पीएसएची रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी लागते. शंका आली तर एमआरआय आणि बायोप्सी.

औषधांपैकी टॅम्सुलोसिनने लघवी मोकळी होते, पण ग्रंथी लहान होत नाही. पुढच्या सोनोग्राफीत आकार तोच दिसला म्हणून औषध बंद करू नका. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड आकार घटवतात, पण त्याला सहा महिने लागतात. त्यांनी पीएसएही जवळपास निम्म्यावर येते, तेव्हा ही गोळी चालू असल्याचे प्रत्येक डॉक्टरला सांगा.

ऑपरेशन नुसत्या आकारावरून ठरत नाही. लघवी वारंवार अडणे, मूत्राशयात खडे, फुगलेली मूत्रपिंडे ही त्याची कारणे. आणि लघवी पूर्ण अडली तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.